राखेखालचा निखारा

एका राज्यात, जिथं राजवाड्याच्या वेशीवर बोलकी मैना पहारा देई, तिथं कायमचा नोकर म्हणून कोणी नव्हताच. हंगामापुरतं यायचं, राबायचं, निघायचं. हंगामाच्या शेवटच्या दिवशी, दिवस बुडाल्यावरही जो आत राही, तो जागच्या जागी दगड होई. तीन कारभारी असेच चौकात उभे होते. त्यांच्या डोक्यावर कबुतरं बसत. राजाला मात्र काही होत नसे. अहो, शाप तो, नेमका नोकरांनाच लागायचा!

येसू बागेत कामाला होती. बाई मोठी आनंदी. नवी जागा, नवी माणसं, नव्या गप्पा, तिला सगळं आवडायचं. पण यंदा तिनं लावलेल्या डाळिंबाला पहिली कळी आली आणि तिचा जीव तिथंच अडकला. आजवर लावलेल्या एकाही झाडाचं फळ तिनं पाहिलं नव्हतं.

"गाठोडी उचला! गाठोडी उचला!" मैना ओरडली. हंगाम संपला, सगळे निघाले. येसूनं गुपचूप डाळिंबाचं रोप मुळासकट काढलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं नि गाठोड्यात लपवलं.

वेशीपाशी ती थबकली. "मैनाबाई, हा शाप उठायचा तरी कसा?"

"बाहेर वडाखाली कंकोळ मांत्रिक बसलाय, त्याला विचार. आजवर कोणी विचारलंच नाही. जो तो पुढचं काम गाठायच्या घाईत."

कंकोळ म्हणाला, "हा वाडा मी मंत्रानं बांधला. वास्तुशांतीची पानं मांडली होती, तेवढ्यात राजे मला म्हणाले, काम झालं, निघा. म्हणून शाप दिला. जाणाऱ्यानं अनोळखी माणसासाठी मागे ठेवलेल्या तीन गोष्टी दिवस बुडायच्या आत आण. असल्या वाड्यात त्या सापडायच्या नाहीत."

येसू धावली. मुदपाकखान्यात चिटपाखरू नव्हतं. तिनं चुलीतली राख बाजूला केली, तर खाली निखारा लालबुंद! नव्या आचाऱ्यासाठी जुना झाकून गेला होता. हंगामी लोकांची ती रीतच. पाणक्याची घागरही काठोकाठ भरलेली. तिनं निखारा खापरात घेतला, घागर कडेवर घेतली. दोन झाल्या. तिसरी बागेतून आणावी म्हणून ती वळली आणि तिला आठवलं. बागेत तिनं मागे ठेवला होता नुसता एक खड्डा.

तिला रडूच कोसळलं. मग तिनं गाठोडं सोडलं, रोप पुन्हा लावलं, ओंजळभर पाणी घातलं. "येते गं बाई," म्हणाली आणि मागे न बघता निघाली.

कंकोळानं निखारा पाहिला, घागर पाहिली. "तिसरी कुठाय?"

"बागेत लावलीय. पुढं येणारीची आहे ती. उपटून तुम्हाला कशी आणू?"

मांत्रिकानं घागर हातात घेतली. "मी जाताना मागे शापच तेवढा ठेवला गं," म्हणाला, आणि त्यानं घागरीतलं पाणी वेशीवर शिंपडलं.

दिवस बुडाला. चौकात तिन्ही कारभारी एकदम शिंकले, कबुतरं उडाली. राजा अनवाणी धावत आला, त्यानं कंकोळाला हात धरून, राहून गेलेल्या वास्तुशांतीच्या पंगतीत पहिल्या पानावर बसवलं. बाग येसूकडेच राहिली.

डाळिंब पिकलं तेव्हा तिनं ते स्वतः फोडलं. मैना सवयीनं अजून ओरडते, "गाठोडी उचला!" येसू तिच्या चोचीत चार दाणे टाकते नि म्हणते, "गप बस की गं!" रोज निजण्याआधी ती चुलीतला निखारा राखेखाली झाकते. सकाळी तो तिलाच सापडतो.