न चिरकणारा अ‍ॅम्प्लिफायर

मोबाइल गावात यायच्या फार आधी, कुणी गेलं की ग्रामपंचायतीचा अ‍ॅम्प्लिफायर भोंग्यावरून नाव सांगायचा आणि अंत्यविधीची वेळही. आपला आवाज कधी चिरकला नाही, याचा त्याला अभिमान होता.

म्हातारपणी हा अ‍ॅम्प्लिफायर रेडिओ दुरुस्त करणाऱ्या इनासकडे आला. इनासने त्याचे दिव्यांसारखे काचेचे व्हॉल्व्ह तेच ठेवले, आतली जोडणी बदलली आणि त्याला गिटार जोडली.

तार छेडताच आवाज फाटला. अ‍ॅम्प्लिफायर शरमला.

"हाच आवाज हवा होता!" इनास पुटपुटला.

गिटारने हळूच विचारलं, "इतक्या जणांची नावं घेतलीस, एकदाही गळा दाटला नाही?"

"गावाला नाव नीट ऐकू जायला हवं होतं."

"आता कुणाला काही कळवायचं नाहीये."

इनासने पुन्हा तार छेडली. या वेळी अ‍ॅम्प्लिफायरने आवाज सावरला नाही.