शून्यापाशी थांबलेला मापारी

फार पूर्वी, संगणकाच्या पोटात सगळेच एकमेकांशी बोलत असत तेव्हा, सी या संगणकभाषेत लिहिलेल्या एका प्रोग्राममध्ये एक मापारी राहत होता. अक्षरं मोजायची आणि शून्य आलं की मजकूर संपला म्हणायचं, हे त्याचं काम. तो कधी चुकला नव्हता.

एकदा यमुताईंनी अर्ज भरला. त्यात नाव, गाव आणि वारलेल्या बहिणीचा एकुलता एक फोटो होता. प्रोग्रामने तिन्हींचं एक गाठोडं बांधायला घेतलं आणि दोन भाग मिसळू नयेत म्हणून मध्ये एकेक खुणेची ओळ घातली. मापाऱ्याने नाव मोजलं, गाव मोजलं. फोटो मात्र नुसत्या आकड्यांची रांग होता, आणि तिच्यात पाचव्याच घरात शून्य निघालं.

"चार," मापारी म्हणाला.

"बुवा, ते शून्य माझ्या आतलंच आहे," फोटो म्हणाला. "पुढे मी बराच उरलोय. मी ज्या फाइलमधून आलो तिला विचारा, ती माझी लांबी सांगेल."

"जन्मभर मोजतोय मी. मला शिकवू नकोस."

खुणेच्या ओळीला शंका आली होती, पण फोटोची चार घरं आत जाताच ती आपल्या जागी जाऊन बसली.

गाठोडं सर्व्हरकडे पोचलं. वर लिहिलेलं माप आतल्या मालाशी जुळलं, म्हणून सर्व्हरने "मिळालं" असं कळवलं. मग प्रोग्रामने रिवाजाप्रमाणे आपल्याकडचा मूळ फोटो पुसून जागा मोकळी केली.

यमुताईंनी पान उघडलं, तर फोटोच्या जागी नुसती चौकट होती.

मापारी अजून अक्षरंच मोजतो. पण आता शून्य आलं की थांबून विचारतो, "पुढे अजून कोणी आहे का?"

अक्षरांत शून्याच्या पुढे कोणीच नसतं.