न मोडलेली काडी

रायाजी सणगराचे दुसरे लग्न झाले, त्याच वर्षी येसनाथ महाराज काळेबोर गावी येऊन राहिले. गावाबाहेर माळावर एक पडकी धर्मशाळा होती. तिच्या ओसरीवर महाराजांचे आसन, शेजारी कोणीतरी सोडून दिलेली एक लंगडी शेळी आणि तिचे करडू. एवढाच महाराजांचा संसार!

रायाजीची पहिली बायको सगुणा बाळंतपणात गेली होती. दुसरी ठकू. रीतीप्रमाणे लग्नात ठकूच्या गळ्यात सवतीचा टाक बांधला, म्हणजे मेलेल्या सगुणेची चांदीची लहानशी प्रतिमा. तो टाक छातीवर घेऊन ठकू या घरात आली, आणि तीन वर्षे झाली तरी पाहुणीच राहिली.

रायाजी माणूस वाईट नव्हता. त्याने कधी हात उगारला नाही, कधी शिवी दिली नाही. पण दिवे लागले की तो वाकळ उचलून ओट्यावर निजायला जाई. घोंगडी विणण्याचे काम दोघांचे. गल्लीत लोकरीचा ताणा, म्हणजे उभे धागे, ताणून बांधायचा आणि चिंचोक्याची खळ कुंच्याने दोन्ही अंगांनी चोळायची. नवरा एका अंगाला, बायको दुसऱ्या अंगाला. हे दोघे दोन टोकांनी सुरुवात करीत, मध्यावर समोरासमोर येत आणि मान खाली घालून पुढे जात. घरात बोले तो फक्त माग.

ठकूला वाटे, माझ्यातच काही खोट आहे. मी काळी, हाडकुळी, यांना नकोशी. पण हे सांगावे कोणाला? आईजवळ काढायची ही गोष्ट नव्हे, शेजारणीजवळ तर नव्हेच. शेवटी चूल सारवताना ती गळ्यातल्या टाकाशीच बोले, "सगुणाबाई, तुम्हाला तरी त्यांनी जवळ घेतलं. काय आवडायचं त्यांना, सांगा की." चांदी काय बोलणार!

गावाला मात्र तोंड होते. पाणवठ्यावर बाया म्हणत, "ठकूबाई, घोंगडी अजून कोरीच का गं?" पंचांचा पुढारी आबाजी म्हेत्रे चावडीसमोरून रायाजीला हाळी देई, "काय रं, ओट्यावर राखण करतोस व्हय? घर कोण चोरून नेतंय?" लोक हसत. रायाजीही हसल्यासारखे करी.

आबाजीची एक भाची लग्नाची होती. एके दिवशी तो चावडीवर म्हणाला, "ठकू वांझ हाय. पुनवेला पंच बसवून काडीमोड करू. मग आमची भाची रायाजीला." पंचांनी गवताची काडी मोडली की लग्न मोडले, अशी ती रीत. रायाजी ते ऐकून तसाच घरी निघून गेला. काडीमोड झालेल्या बाईने मग भावजयीच्या दारात उष्टी भांडी घासत जन्म काढायचा.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ठकू धर्मशाळेत गेली. महाराज शेळीला पाला घालीत होते. पायांवर डोके ठेवून ती रडत राहिली.

महाराज म्हणाले, "बाळ, वांझपणाचं गाऱ्हाणं आणलंस?"

तिने पदर तोंडाशी धरला. "वांझ तरी कशी म्हणू, महाराज? त्यांनी अजून माझं बोटसुद्धा धरलं न्हाई." एवढे बोलली आणि मेल्याहून मेल्यासारखी झाली.

"का धरलं नाही?"

"मला काय ठावं?"

"विचारलंस?"

"बाईमाणसानं असलं कसं विचारावं?"

"तोंडानं!" महाराज हसले. मग म्हणाले, "लाज चोरीची धरावी, लबाडीची धरावी. नवराबायकोनं जवळ यावं ही देवाचीच योजना. तिची कसली लाज? जा, विचार."

ठकू घरी आली. पण रायाजी समोर दिसताच विचारायचे सोडून तिने भाकरी वाढली. तो ओट्यावर गेला, ती आत राहिली.

ठकू महाराजांकडे गेल्याचे कळले म्हणून पौर्णिमेला पंच मुद्दाम धर्मशाळेपुढेच बसले. आबाजीने वाळल्या गवताची काडी उपटली. "बाबा, काय मंतर असंल तर आत्ताच घाला!" असे महाराजांना म्हणून त्याने ती मोडायला घेतली.

काडी वाकली, पण मोडली नाही! लोकरीच्या धाग्यासारखी लवली आणि पुन्हा सरळ झाली. आबाजीने ती गुडघ्यावर धरली, दातात धरली. कपाळावर घाम आला. मागून कोणीतरी म्हणाले, "म्हेत्रे, न्याहारी झाली न्हाई व्हय?" आता हसे आबाजीचे झाले.

महाराज म्हणाले, "आबाजी, जे अजून जोडलंच नाही ते मोडणार कसं? आधी त्या दोघांना बोलू दे."

ठकू उठली. तिने रायाजीला खूण केली आणि धर्मशाळेच्या मागे नेले.

"अवं, मी तुम्हाला आवडत न्हाई का?"

रायाजी भिंतीला टेकून रडू लागला. "सगुणा माझ्यापायी मेली गं. दोन दिवस वरडत व्हती. तुझ्या गळ्यात ती दिसली की वाटतं, हिलाबी मीच मारणार. कुणाला सांगू हे?"

"मला वाटलं, मी वंगाळ हाय."

"वंगाळ? खळ लावताना तू मधी आलीस की माझा कुंचा चुकतो."

ठकू रडता रडता हसली. "भ्या मलाबी वाटतं. पण एकेकट्यानं भिण्यापरीस दोघं मिळून भिऊ. घाई न्हाई. आज नुसतं आत निजा."

दोघे परत आले तेव्हा रायाजीने सगळ्यांदेखत तिचा हात धरला होता. महाराज म्हणाले, "आता सगुणेला देव्हाऱ्यात बसवा. तिचा मान तिथं."

"रीत मोडली! सवत कोपंल!" आबाजी ओरडला आणि रागाने हातातली काडी त्याने भिरकावली. तोच महाराजांचे करडू आले, त्याने ती काडी उचलली आणि कुरुमकुरुम चावून खाल्ली!

आबाजी आपल्या हातांकडे पाहत राहिला. मग पागोटे काढून त्याने महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. महाराज म्हणाले, "माझ्या नको. वांझ कोणाला म्हणालास? तिच्या पाया पड." आणि तो पुढारी ठकूपुढे वाकला.

दोन वर्षांनी ठकू बाळंत झाली. त्या एका रात्री रायाजी पुन्हा ओट्यावर होता, महाराजांचा अंगारा मुठीत घट्ट धरून. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

रायाजी मोठ्या दुष्काळाच्या साली माघ महिन्यात वारला. त्यानंतर ठकू ताण्याच्या दोन्ही अंगांना एकटीच खळ लावी. नऊ वर्षांनी, कार्तिक वद्य अष्टमीला, तीही वारली.