बाटलीतला दाणा

फार पूर्वी एका चर्चमध्ये शलोमीबाईंनी मोहरीचे दोन दाणे काचेच्या बाटलीत जपले होते. ‘मोहरीच्या दाण्याएवढा विश्वासही पुरे’ हा धडा आला, की त्या ते मुलांना दाखवत. एकदा बूच काढताना त्यातला एक खिडकीबाहेर चिखलात पडला.

आठ दिवसांनी बाटलीतल्याने विचारलं, "कसं काय? मी पाच वर्षं विश्वास शिकवतोय, अंगावर साधा ओरखडा नाही."

"माझी साल फाटलीय," खालून आवाज आला. "कुजतोय की उगवतोय, तेच कळत नाही."

"म्हणूनच डोक्यावर बूच हवं."

पुन्हा धडा आला, तेव्हा खिडकीबाहेर मोहरी पिवळीधमक फुलली होती. शलोमीबाई मुलांना घेऊन थेट तिच्यापाशी गेल्या.

बाटलीतला दाणा काचेवर टकटक करू लागला. "अहो बाई, विश्वास इथं आहे."