निवडुंगाचं पाणी आणि व्याह्यांचं ताट

घाटमाथ्यावर सर्जेरावाचं हॉटेल होतं. त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यानं चांगुणा माळणीकडून दारात बाग लावून घेतली. कोकणची सुपारी, नागपूरची संत्री, माणदेशचं निवडुंग. वर बजावलं, "माझ्या दारात भेदभाव नाही. सगळ्यांना सारखंच पाणी!"

"मालक, निवडुंग कुजेल की," असं चांगुणेच्या ओठांवर आलं होतं. पण काठी उगारलेली बघून तिनं मुकाट घागर उचलली.

व्हायचं तेच झालं. निवडुंग कुजून आडवं पडलं. सर्जेराव गरजला, "उद्या तुझं खोपटं उठवतो. लेकरं घे आणि चालती हो!"

त्याच दुपारी त्याचे कोकणातले व्याही जेवायला आले. वाढपी कमी पडले, म्हणून चांगुणेलाच हाक गेली. तिनं सगळ्या पंगतीला एकच जळजळीत वऱ्हाडी रस्सा वाढला. पहिल्याच घासाला व्याह्यांना ठसका लागला, डोळ्यांतून धारा वाहू लागल्या.

सर्जेरावानं काठी उचलली. "अगं ए, अक्कल गहाण टाकलीस? कोकणातलं माणूस ते! माणूस बघून वाढावं, एवढं कळत नाही?"

चांगुणेनं डोळे घट्ट मिटले. "कळतं, मालक. पण तुमच्या दारात भेदभाव नाही ना! निवडुंगालाही मी सुपारीइतकंच पाणी वाढलं, तुमच्या हुकमानं."

मग व्याहीच डोळे पुसत हसले. "सर्जेराव, बाईनं घसा जाळला, पण बोलली खरं!"

सर्जेरावानं काठी खाली ठेवली. खोपटं राहिलं. संध्याकाळी चांगुणेनं सुपारीला घागर ओतली, नव्या निवडुंगाला ओंजळभरच.