डोणीतला समुद्र

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की घाटाखालच्या माणसाला घाटावर यायचं तर बैलगाडीशिवाय सोय नव्हती. तेव्हा घाटावरच्या एका गावात पाथरवटांचं एक घर होतं. घरात सासूबाईचा कारभार. जीभ तिखट, हात सढळ. दारात आलेल्याला पोटभर खाऊ घातल्याशिवाय सोडायची नाही, आणि चार शब्द सुनावल्याशिवायही सोडायची नाही.

तिच्या एकुलत्या एक मुलाचं लग्न झालं, ते थेट समुद्रकाठच्या कोळ्याच्या मुलीशी. गावानं नाकं मुरडली. सासूबाई म्हणाली, "नाकं तुमची, मुरडा हवी तेवढी. सून माझी आहे."

पण सून काही रुळेना. खाणं कमी, बोलणं त्याहून कमी. सासूबाई तिच्यापुढे मात्र मऊ झाली. घरात सगळ्यांना बजावलं, "पोर समुद्र सोडून आलीय. तिला कामाला हात लावू द्यायचा नाही. तिच्यावर आवाज चढवायचा नाही." माहेरचे नारळ मागवले, सुका जवळा मागवला. घरातले सगळे भाकरी खायचे आणि सुनेला वेगळा भात वाढायचे.

तरी पोर वाळतच चालली. एक दिवस म्हणाली, "आत्याबाई, शिमग्याला दादा न्यायला आला की मी जाईन. परत येईन असं सांगवत नाही मला."

सासूबाईनं मनाशी ठरवलं, हिला समुद्र हवाय ना? मग समुद्रच घरात आणते.

मुलाला सांगून काळ्या पाषाणाची डोणी, म्हणजे पाणी साठवायची दगडी कुंडी, घडवून घेतली. चांगली म्हैस बसेल एवढी. अंगणात मांडली. सुनेच्या भावाला निरोप धाडला. तो पखाली भरभरून समुद्राचं पाणी घेऊन आला, वाळू आणली, शेवाळ धरलेले खडक आणले. मासे मात्र आणले नाहीत.

"आणि मासे रे?" सासूबाईनं विचारलं.

"आज नाही, मावशी. आधी पाणी बसू द्या. खडकावरचं शेवाळ घासू नका, त्यात जीव असतो. मासे पुढच्या खेपेला."

"रिकामी डोणी बघून लोक हसतील मला!"

"हसू देत. नव्या घरात चूल पेटायच्या आधी तुम्ही पाहुणे बोलावता का?"

हे सासूबाईला पटलं. ती गप्प बसली. तिच्यासाठी हे सोपं नव्हतं बरं का.

पुढच्या खेपेला भावानं मडक्यातून दोन मासे आणले, पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले. जाताना सांगून गेला, "रोज तांब्यानं उंचावरून धार धरा, पाण्यात वारा गेला पाहिजे. आणि पाणी खाली गेलं की भर घाला."

कसली भर घालायची, ते काही त्यानं सांगितलं नाही. समुद्राकाठच्या माणसाला पाणी आटलेलं ठाऊकच कुठे असतं!

सून पहिल्या दिवशी डोणीपाशी बसून हसली. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तशीच, हात मांडीवर ठेवून उंबऱ्यात.

उन्हं तापायला लागली. डोणीतलं पाणी खाली जाऊ लागलं. मुलगा म्हणाला, "आई, विहिरीचं घालू का दोन घागरी?"

"समुद्राच्या माशाला विहिरीचं पाणी? लाज नाही वाटत? आपल्या दारी काही कमी पडायचं नाही त्यांना!"

तिनं रांजण भरून समुद्राचं पाणी साठवलंच होतं. जरा पाणी उतरलं की ओत, उतरलं की ओत. मासे मलूल झाले. मग तिनं आणखी पखाली मागवल्या. मासे तळाशी पडून राहू लागले. तिनं आणखी ओतलं.

एका सकाळी त्यातला एक मासा कसाबसा वर आला आणि बोलला. मासा बोलतो का, असं विचारू नका. गोष्टीत बोलतो.

"बाई, समुद्र पुरे झाला. आता पाणी दे."

"पाणीच देतेय की, मेल्या!"

"तू मीठ देतेस. चाखून बघ."

सासूबाईनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि थू थू करत सुटली. नुसतं कडूजहर! मग तिला डोणीच्या काठावरचा पांढरा थर दिसला. ऊन पाणी तेवढं पितं, मीठ मागेच ठेवतं. उडून गेलं होतं गोडं पाणी, आणि ती भर घालत होती खाऱ्याची.

"देवा रे, मायेनं मारत होते की मी यांना!"

तिनं विहिरीचं पाणी आणलं. एकदम नाही ओतलं, तांब्या तांब्यानं दोन्ही वेळा घालत राहिली. मासे हळूहळू हिंडू लागले.

तेव्हा तिची नजर उंबऱ्यातल्या सुनेकडे गेली. शिमगा जवळ आला होता, पोरीनं गाठोडंही बांधून ठेवलं होतं. या पोरीचं इथं येऊन काय कमी झालं? समुद्र? तो तर गाड्या भरून आणला. माहेरी ही जाळी विणायची, चूल सांभाळायची, आईची बोलणी खायची. इथं तिला साधं कुणी रागावतही नाही.

"ए पोरी! बसून काय राहिलीस? ऊठ, परातीत पीठ घे. आजच्या भाकऱ्या तू थापायच्या."

"आत्याबाई, मला नाही जमत."

"नाही जमत म्हणूनच थापायच्या."

पहिली भाकरी तुटली. दुसरी तव्याला चिकटली. तिसरी करपली.

"अगं, ही भाकरी म्हणायची की दगडाची कपची? माझ्या लेकाचे दात पाडतेस का?"

सुनेनं चमकून वर पाहिलं. आणि खुदकन हसली. हसता हसता पिठाच्या हातांनी डोळे पुसू लागली. म्हणाली, "आत्याबाई, मला वाटायचं, मी या घरात पाहुणीच आहे."

"मीच ठेवली गं तुला पाहुणी. चुकलं माझं. आता ती जळकी खाली उतरव आधी!"

त्या दिवशी सगळ्यांनी तुटक्या भाकरी खाल्ल्या. सुनेला वेगळा भात वाढला नाही, आणि तिनं मागितलाही नाही.

शिमग्याला भाऊ आला. गाडी दाराशी उभी केली आणि म्हणाला, "चल, घे गाठोडं."

सून म्हणाली, "येते दादा. पण सण झाला की लगेच परत आणून सोड. नाहीतर आत्याबाई शिव्या घालतील."

"घालीनच!" आतून आवाज आला.

लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: ज्याचं जे उणं झालं असेल तेच भरावं, आपल्याला जे द्यावंसं वाटतं ते ओतत राहिलं, तर मायाही मारक होते.