खुर्चीला खो

क्रीडा-इतिहास आणि नीती या विषयावरच्या विद्यार्थी-संशोधनाला विद्यापीठ दरवर्षी एक बक्षीस देई, आणि ते कुणाला द्यायचं हे बावीस वर्षं एकटे आबासाहेब दिघावकर ठरवत. एकेकाळचे खो-खोचे कप्तान, आता अध्यक्षपदाच्या खुर्चीला गोचिडासारखे चिकटलेले.

यंदा सुगंधा लोणारी या विद्यार्थिनीने आपल्या निबंधाचं नाव वाचलं: ‘खो-खो, म्हणजे आपली जागा दुसऱ्याला देण्याची नीती’. सभागृहात खसखस पिकली. आबासाहेबांचे कान लालबुंद झाले.

“टोमणा कळतो मला, पोरी! खो-खोचा एकही नियम मी जन्मात मोडला नाही. नियमाने मला या खुर्चीतून उठवून दाखव, बक्षीस तुझं. नाहीतर निबंध घेऊन चालू लाग!”

सुगंधाची वर्षभराची मेहनत पाण्यात जाणार! तेवढ्यात तिची नजर आबासाहेबांच्या रुंद पाठीवर गेली आणि तिला हसूच आवरेना. ती टुणकन व्यासपीठावर चढली, खुर्चीमागे गेली, पाठीवर थाप मारून खणखणीत ओरडली, “खो!”

अंगात मुरलेली सवय ती! आबासाहेब ताडकन उठून दोन पावलं धावलेसुद्धा. मग भानावर येऊन वळून पाहतात, तो खुर्चीत सुगंधा!

“अगं, ती जागा माझी!”

“खो देणाऱ्याने उठलेल्याच्या जागी बसायचं, सर. नियमच आहे.”

“मग मी काय करू?”

“तुम्ही पळायचं,” सुगंधा म्हणाली, “आणि एकदा दिशा धरली की मागे फिरायचं नाही. तोही नियमच!”